बदनामीच्या धमकीस भिऊ नका

बौद्ध बंधुभगिनींनो,

गावातील अन्यायाविरुद्ध आपल्या माणसाने तोंड उघडले की, ‘आमची बदनामी केलीस, कोर्टात खेचतो’ ही धमकी त्यास मिळते. ती ऐकून लिहिलेली तक्रार फाडून टाकावी काय? मुळीच नाही. पण अब्रूनुकसानी कशास म्हणावे, हे मात्र प्रत्येक कुटुंबाने समजून घेतले पाहिजे.

कोणाचे मन दुखावले अथवा कोणास राग आला, एवढ्याने अब्रूनुकसानी होत नाही. १८६० च्या दंड संहितेतील कलम ४९९ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली आहे. परंतु कसोटी तीच राहिली आहे. इतरांच्या दृष्टीने त्या व्यक्तीचे नैतिक वा बौद्धिक चारित्र्य, तिची पत, अथवा तिची जात वा व्यवसाय यांबाबतचा लौकिक खालावला, तरच मुख्यतः प्रतिष्ठेस बाधा आली असे कायदा मानतो. इंग्लंडने तर २०१३ च्या कायद्याने ‘गंभीर हानी’ची अट घातली. आपल्या कायद्यातील ‘जात’ हा शब्द ध्यानात घ्या. आपण जात टाकली. कायद्याच्या कसोटीतून ती अद्याप गेलेली नाही.

लोकहितासाठी सत्य सांगणे आणि अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे सद्भावनेने तक्रार करणे, हे दोन्ही त्याच कलमाचे अपवाद होत. म्हणून चावडीवर आरोप करीत फिरू नका. तक्रार लेखी करा, तारीख व साक्षीदार नमूद करा, पोच घ्या. जे घडले तेच लिहा. एक शब्द वाढवून लिहिलात तर तोच विरोधकाच्या हाती हत्यार होईल.

आता दुसरी बाजू. चारचौघांच्या देखत कोणी सवर्णाने जातीच्या नावाने शिवीगाळ केली, तर आपली अब्रू किती घटली हे मोजीत बसण्याचे कारण नाही. तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा होय. धर्मांतराने हे संरक्षण गेले, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका; अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांस १९९० च्या दुरुस्तीने ती मान्यता मिळालेली आहे. जातीचा दाखला जवळ बाळगण्यात कमीपणा नाही. न्यायालयात तो आपला पुरावा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरास आपणांस ताठ मानेने उभे केले. ती मान धमकीपुढे झुकू देऊ नका. सत्य लिहा, सही करा आणि अर्ज दाखल करा.

जय भीम!