आधी राखण, मग ठोसा

देवासच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. चौदा वर्षांची कन्या मुष्टियुद्ध शिकू म्हणते. आजोबा स्वतः तालमीत वाढलेले, तरीही नातीच्या या हट्टाला त्यांची संमती नाही. ‘पोरीचे तोंड फुटेल’ एवढेच ते म्हणतात. आईने काय करावे?

आजोबांची भीती अनाठायी नव्हे. तोंड फुटले तर भरून येते. खरा धोका त्याच्या आत आहे. हनुवटीवर आडवा ठोसा बसला की मान गर्रकन फिरते आणि कवटीतला मेंदू हिसका खातो. वर्षानुवर्षे असे आघात सोसलेल्या मुष्टियोद्ध्यांची बुद्धी व चाल कशी बिघडते, याचे वर्णन मार्टलँड या अमेरिकन वैद्याने १९२८ सालीच करून ठेवले आहे. डोक्याला टोप घातला की निर्धास्त, अशीही समजूत करून घेऊ नये. टोपाने भुवई फुटायची वाचते, मेंदूचा हिसका चुकत नाही. २०१३ पासून प्रौढ पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतून तो काढूनच टाकला गेला. म्हणून शिक्षक मुलीला आधी काय शिकवतो, यावर सारे अवलंबून आहे.

आधी शिकायचा तो पवित्रा. उजव्या हाताच्या मुलीने डावा पाय पुढे, उजवा मागे व किंचित बाजूला ठेवावा. दोन्ही पाय एका रेषेत आले तर साध्या धक्क्याने तोल जातो. मागची टाच उचललेली, गुडघे सैल, अंग थोडे तिरपे. कोपरे बरगड्यांशी, मुठी गालांशी, हनुवटी खाली आणि डाव्या खांद्याच्या आडोशाला. दात दंतरक्षकावर मिटलेले असावेत. उघड्या तोंडावर बसलेला ठोसा जबड्याला फार महाग पडतो.

हातांचा नियम देवासकरांना समजावणे सोपे आहे. त्यांच्या गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये १९४८ पर्यंत शेजारी नांदली. दोन हातांचेही तसेच समजावे : एक स्वारीवर गेला की दुसऱ्याने गादी सोडायची नाही. गेलेला हातही ज्या वाटेने गेला त्याच वाटेने, गालाच्या उंचीवरून परत आला पाहिजे. नवशिक्या तो खाली लोंबत आणतो, आणि मार खातो तो नेमका त्याच क्षणी.

समोरून डाव्या हाताचा सरळ ठोसा आला तर आपल्या उजव्या पंजाने तो हलकेच बाजूला सारावा. वीतभर सारणे पुरे. हातभर सारले तर आपलेच दार उघडे पडते. बाजूने वळून येणारा ठोसा मनगट-कोपर उचलून कानाशी अडवावा. (एरवी कानावर हात ठेवणे बरे नव्हे, येथे तोच धर्म.) तिसरा उपाय म्हणजे डोके ठोशाच्या रेषेबाहेर चार बोटे सरकवणे. आट्यापाट्या खेळलेल्या मुलांना हुलकावणीची ही कला चटकन साधते. चौथा व सर्वांत स्वस्त उपाय पायांचा. मागे जाताना मागचा पाय आधी, डावीकडे जाताना डावा आधी. पाय पायावर चढता कामा नये. सरळ मागे-मागे जाणारा मात्र शेवटी दोरांवर सापडतो. दोन पावलांनंतर बगल द्यावी.

डोळे मिटणे आणि तोंड फिरवणे या दोन खोडी उपजतच असतात. त्या जाण्यास महिने लागतात. रागावून जात नाहीत.

तालमीच्या घरात आणखी एक सवय मोडावी लागते. कुस्तीत कपाळाला कपाळ लावून झुंजतात. येथे वाकून पुढे घातलेले डोके खालून येणाऱ्या ठोशाला आयते मिळते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या पट्ट्याखाली वाकणे तर नियमबाह्यच आहे. तालमीतला माणूस रिंगणात शोभत नाही असे मात्र नव्हे. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लहानपणी कुस्तीच खेळत. सैन्यात ते मुष्टियोद्धे झाले, आणि १९६५च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाल्यावर १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले.

मुलींसाठी ऑलिंपिकचे रिंगण २०१२ साली उघडले आणि त्याच वर्षी मेरी कोमने कांस्यपदक मिळवले, हे आजोबांना अवश्य सांगावे. पण त्याआधी आईने, धारला असो वा देवासला, शिकवणीच्या जागी दोन संध्याकाळी स्वतः जाऊन बसावे. पहिले काही महिने मुले आरशासमोर, पिशवीवर आणि ठरवून दिलेल्या एकाच ठोशाविरुद्ध बचाव करताना दिसली, तर मुलीचे नाव घालावे. डोक्याला मार लागून चक्कर, ओकारी किंवा डोकेदुखी झालेल्या मुलाला शिक्षक त्याच दिवशी पुन्हा उभे करतो काय, हेही विचारावे. ‘होय, त्यानेच धीट होतात’ असे उत्तर आले, तर मुलीचा हात धरून घरी यावे आणि दुसरी जागा शोधावी.