एका अक्षराची किंमत

नाचणगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी मोटार उभी असते. गाडी बारा-तेरा वर्षांची, त्या मालिकेतली सर्वांत स्वस्त. पण तिच्या पाठीवर एका बाजूला 'जीटी' आणि दुसऱ्या बाजूला 'टर्बो' अशी चकचकीत अक्षरे आहेत. मालक माझा जुना विद्यार्थी. त्याने ती पुलगावच्या बाजारातून आणून स्वतःच्या हाताने चिकटवली. मी एकदा विचारले, "जीटी म्हणजे काय रे?" तो हसून म्हणाला, "फास्ट गाडी, सर. अजून काय असते?"

मला हसू आले, पण घरी परतताना नजर माझ्याच दारावरच्या पाटीकडे गेली. नावापुढे 'एम. ए., बी. एड.' लिहिलेले. त्या अक्षरांमागे माझी सहा वर्षे आणि वडिलांची दोन एकर कपाशी गेली आहे. अक्षरामागे काहीतरी घडलेले असावे, अशी आपली समजूत असते. मोटारींच्या बाबतीतही एके काळी तसेच होते.

'जीटी' म्हणजे 'ग्रान तुरिझ्मो'. शब्द इटालियन, अर्थ, लांबचा प्रवास वेगाने आणि आरामात करणारी गाडी. फेरारीने १९६२ मध्ये '२५० जीटीओ' काढली. त्यातला 'ओ' हा 'ओमोलोगातो'चा, म्हणजे शर्यतीच्या नियमांप्रमाणे मान्यता मिळालेली. पोर्शेचे 'आरएस' म्हणजे 'रेनश्पोर्ट', शर्यतीचा खेळ. १९७२ च्या त्या गाडीचे वजन कमी करण्यासाठी हलक्या प्रकारात मागची आसनेसुद्धा काढून टाकली होती. फोक्सवॅगनची 'गोल्फ जीटीआय' १९७६ मध्ये विक्रीला आली, तिच्यातला 'आय' इंजेक्शनचा: इंधन कार्बोरेटरऐवजी मोजून फवारणारी यंत्रणा. अक्षर म्हणजे कारखान्याने केलेल्या कामाची पावती होती.

आपल्याकडेही अशी साधी, प्रामाणिक अक्षरे होऊन गेली. मुंबईच्या प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये '११८ एनई' आणली. 'एनई' म्हणजे निस्सान इंजिन. सांगाडा फियाटचा, इंजिन जपानी; लपवाछपवी नाही. टाटांच्या '१६१३' मालमोटारीचा आकडा तर कोणताही ड्रायव्हर उलगडून सांगेल: भारासकट १६ टन वजन आणि १३० अश्वशक्ती.

पण पावतीचा बिल्ला व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकेतल्या पॉन्टियाकने १९६४ मध्ये 'जीटीओ' हे नाव सरळ उचलले. शर्यतीच्या मान्यतेचा तिथे संबंध नव्हता. आणि कळस २०१९ चा. पोर्शेची 'टायकन टर्बो' ही विजेवर चालणारी गाडी आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारे चक्र. जिथे धूरच नाही तिथे चक्र कसले? म्हणजे माझा विद्यार्थी एकटाच नाही. त्याने चाळीस-पन्नास रुपयांत जे केले ते जर्मनीत कोटींच्या भावाने होते.

इथवर सगळी गंमत आहे. श्रीमंताने अक्षरासाठी पैसे उधळले तर आपले काय गेले? आपली गोष्ट निराळी आहे. मारुतीच्या गाड्यांवर एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय लिहिलेले आपण पाहतो. त्यातला 'आय' तोच, इंजेक्शनचा. २००० साली धुराचे नियम कडक झाले, कार्बोरेटर गेले, आणि तो 'आय' अभिमानाने मिरवू लागला. आज पेट्रोलच्या प्रत्येक नव्या गाडीत इंजेक्शन असते. 'आय' मात्र सवयीने राहिला आहे. उरलेली एल, व्ही, झेड ही अक्षरे म्हणजे शिडीच्या पायऱ्या. जवळजवळ सगळ्याच कंपन्यांची अशी शिडी असते. वरच्या पायरीवर गाणी, गुबगुबीत आसने, चकचकीत चाके. आणि कित्येक वर्षे एअरबॅगही बहुधा तिथेच होती.

२०१२ साली मी गाडी घेतली, कोणाची ते महत्त्वाचे नाही. दुकानातल्या पोराने सांगितले, "सर, इंजिन तेच आहे." ते खरेच होते. मी सर्वांत खालचे अक्षर घेतले आणि वाचलेल्या पैशांतले काही आसनांच्या कव्हरवर नि टेपवर खर्च केले. पुढच्याच जानेवारीत मेव्हणा ती गाडी घेऊन पहाटे वर्ध्याकडे निघाला. धुक्यात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही. पट्टा लावला होता म्हणून जीव वाचला, पण तोंड स्टीअरिंगवर आपटले. जबडा तारेने बांधावा लागला. दोन महिने तो वरणाच्या पाण्यावर होता. एअरबॅग असती तर जबडा वाचला असता का, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण घेताना तो प्रश्न मला सुचलाही नव्हता, आणि कोणी सुचवलाही नव्हता.

२०१४ च्या जानेवारीत 'ग्लोबल एनकॅप'ने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या आदळवून पाहिल्या. पाचही बिनएअरबॅगच्या, पाचांनाही प्रौढांच्या सुरक्षेत शून्य तारे. त्यातलीच पोलो दोन एअरबॅग बसवून पुन्हा आदळवली, तेव्हा चार तारे मिळाले. नाव तेच, सांगाडा तोच. पुढे काही गाड्यांवर कंसातला 'ओ' आला, ऑप्शनलचा. म्हणजे खालच्या पायरीवरच्या माणसाने जादा पैसे मोजले तर त्यालाही एअरबॅग. फेरारीचा 'ओ' शर्यतीच्या मान्यतेचा; आमचा 'ओ' वाचण्याच्या ऐच्छिक सोयीचा!

अखेर कायद्यालाच मधे पडावे लागले. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, आणि २०२१ संपताना शेजारच्याचीही. सहा एअरबॅगच्या सक्तीचा प्रस्ताव मात्र २०२३ मध्ये सोडून देण्यात आला; ग्राहक आता जागा झाला आहे, तो स्वतःच मागेल, असा सूर होता. ग्राहक मागेल, पण त्याला कळेल असे सांगणार कोण? माझे म्हणणे एवढेच आहे की, प्रत्येक दुकानात किमतीच्या कागदावर मराठीत छापले पाहिजे: या अक्षराच्या गाडीत जीव वाचवणाऱ्या कोणत्या गोष्टी आहेत आणि कोणत्या नाहीत. औषधाच्या वेष्टनावर मुदत छापतात, तेवढ्याच ठसठशीत अक्षरांत.

परवा तोच विद्यार्थी घरी आला. जुनी गाडी मोडीत काढून नवी घ्यायची आहे, लेक नागपूरला कॉलेजात जाते, तिला आणायला-सोडायला. "सर, कोन्तं अक्षर घेऊ म्हणता?"

मी पाटीपेन्सिल घेऊन बसलो नाही, पण जवळजवळ तसेच. वहीचे एक पान फाडले आणि दुकानात विचारायचे सात प्रश्न त्याला लिहून दिले. त्याने ते वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि जाता जाता म्हणाला, "स्टिकर तं लावू देसान न, सर?"

लाव म्हटले. आधी आतले बघून घे.