समुद्रांतील रहाटगाडगें

अटलांटिक महासागराच्या अभिसरणाचें वर्णन वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें नेहमीं रहाटगाडगें उभें राहात असे. उष्ण व खारें पाणी पृष्ठभागावरून उत्तरेस जातें. ग्रीनलंड-आइसलंडच्या आसपास थंड होऊन जड होतें, खालीं बुडतें, आणि खोल अंधारांतून पुनः दक्षिणेची वाट धरतें. चित्र मोठें सुबक आहे. शाळेंतील मुलासहि तें तत्काळ पटेल. परंतु तें कितपत खरें, याचा विचार करूं लागलों, तेव्हां आमचा हा रहाट बराच डळमळला.

पहिली गोष्ट अशी, कीं समुद्र सर्वत्र सारखा वाहत नाहीं. त्याची मोठी वाहतूक महासागराच्या पश्चिम कडेनें, म्हणजे अमेरिकेच्या किनाऱ्यालगत, अरुंद वाटेनें चालते. याचें कारण हेन्री स्टॉमेल यांनीं १९४८ सालीं दाखविलें. पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवाहांवरील प्रभाव विषुववृत्तावर नाहींसा असून ध्रुवाकडे वाढत जातो. म्हणून वाऱ्यानें ढकललेल्या पाण्याचा परतीचा ओघ पश्चिम कांठाशीं दाटतो. फ्लॉरिडाच्या सामुद्रधुनींतून दर सेकंदास सुमारें ३ कोटी २० लक्ष घनमीटर पाणी जातें. पृथ्वीवरील साऱ्या नद्या एकत्र केल्या तरी त्याचा विसावा हिस्साहि भरणार नाहीं. याच कांठाला खोल पाण्यांत उलट दिशेचा प्रवाह असला पाहिजे, असें अनुमान स्टॉमेल यांनीं बांधलें. आणि १९५७ सालीं जॉन स्वॅलो व व्हॅलेंटाइन वर्थिंग्टन यांनीं ठराविक खोलीवर तरंगणाऱ्या नळ्या सोडून तो प्रत्यक्ष दाखविला. येथवर रहाटाची उपमा तगते.

पुढें मात्र गंमत झाली. १९५९-६० मध्यें स्वॅलो यांनीं बर्म्यूडाजवळ भर समुद्रांत तशाच नळ्या सोडल्या. तेथील खोल पाणी अगदीं मंद सरकत असेल, अशी अपेक्षा होती. नळ्या गेल्या त्या दहापट वेगानें, आणि भलभलत्या दिशांना! हवेंत जशीं वादळें, तसे पाण्यांत भोवरे असतात, हें त्या वेळीं कळून आलें.

हे भोवरे म्हणजे प्रवाहाची नुसती खळबळ, असें कोणासहि वाटेल. वस्तुस्थिति निराळी आहे. लॅब्रॅडॉर समुद्राच्या मध्यभागाचें पाणी हिवाळ्यांतील बोचऱ्या वाऱ्यांनीं हजार मीटरांहूनहि खोल ढवळून निघतें. दरसाल गमावलेली ती उष्णता भरून कशी निघते? ग्रीनलंडच्या पश्चिम कांठानें वाहणाऱ्या उबदार प्रवाहांतून तीस ते साठ किलोमीटर व्यासाचे भोवरे सुटतात, व ते ती मध्यावर नेऊन पोंचवितात. शिवाय पाणी ढवळतें मध्यभागीं, परंतु एकंदरींत खालीं उतरतें तें बहुतांशीं कांठालगत, असें आतां अभ्यासक मानूं लागले आहेत. तीच गोष्ट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाची. आपल्या हिंदी महासागराचा अगुल्हास प्रवाह तेथें एकदम मागें वळतो. वळतां वळतां त्यांतून दोन-तीनशें किलोमीटर रुंदीचीं वर्तुळें तुटून अटलांटिकांत शिरतात, आणि रहाटाच्या वरच्या फेऱ्यास उष्ण व खारें पाणी पुरवितात.

याचा आपल्याशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. उत्तर अक्षांश २६.५ वर २००४ पासून या अभिसरणाची मोजणी चालली आहे. त्याची सरासरी दर सेकंदास सुमारें १ कोटी ७० लक्ष घनमीटर भरते. २००९-१० मध्यें तें सुमारें तीस टक्क्यांनीं घटलें होतें. या शतकांत तें मंदावण्याचा संभव फार मोठा, असें हवामान-बदलविषयक आंतरशासकीय मंडळाचा २०२१ चा अहवाल सांगतो. तसें झाल्यास उष्ण कटिबंधांतील पावसाचा पट्टा दक्षिणेस सरकून आपला मोसमी पाऊस दुबळा होईल, असें अनेक गणितांत दिसतें. परंतु यांपैकीं पुष्कळ गणितांत समुद्र सुमारें शंभर किलोमीटरांच्या चौकटींत विभागलेला असतो. ज्या जाळ्याची वीण इतकी विरळ, त्यांतून पन्नास किलोमीटरांचा भोवरा निसटणारच! त्याचें काम अंदाजानेंच भरून काढावें लागतें.

म्हणून अभिसरण अमुक सालीं बंद पडणार, अशी तारीख कोणी सांगितली, तर घाबरून जाऊं नये; आणि तारीख ठरत नाहीं म्हणून निर्धास्तहि राहूं नये. रहाटाची उपमा आम्ही टाकून दिलेली नाहीं. मात्र त्याला फिरविणाऱ्या हातांत हे लहान लहान भोवरेहि आहेत, ही गोष्ट यापुढें आम्ही विसरणार नाहीं.