ऑक्सिटोसिनची कुपी : लेबलापलीकडचा प्रश्न

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचे पेप्टाइड. उष्णता त्याला सोसत नाही. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. शक्ती गमावलेली कुपी आणि चांगली कुपी डोळ्यांना सारखीच दिसते. खानापूरच्या जंगलपट्ट्यात वीज गेली की शीतकपाटातील कुप्यांचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच बाळंतिणीच्या जिवाशी निगडित आहे.

बेळगावने त्याचे उत्तर पूर्वीच शोधू पाहिले होते. जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील १,६२० स्त्रियांवरील अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. शीतसाखळीची गरज नसलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या मिळालेल्या गटात रक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के, तर औषधरहित गोळ्यांच्या गटात १२ टक्के आढळले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा देशांतील चाचणीत येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे संशोधक सहभागी होते. सुमारे ३० हजार स्त्रियांवरील त्या चाचणीत उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन ऑक्सिटोसिनच्या तोडीचे ठरले. मात्र तेथील ऑक्सिटोसिन दर्जेदार होते आणि थंड जागी ठेवलेले होते. गावात तसेच मिळते असे कोण म्हणेल?

सरकारचे लक्ष मात्र दुभत्या जनावरांवरील गैरवापराकडे राहिले. २७ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने देशांतर्गत वापरासाठीचे उत्पादन बंगळूरच्या कर्नाटक अँटिबायोटिक्स या एकाच सार्वजनिक कंपनीपुरते मर्यादित केले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात ती रद्द ठरविली. आमच्या मते उत्पादक एक की अनेक, हा वाद दुय्यम होता. कारखान्यातून निघालेली कुपी शेवटच्या केंद्रात कोणत्या अवस्थेत पोहोचते, हे त्यातून कळणारच नव्हते.

आता वजन घटविण्याच्या नावाखाली ‘केवळ संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावलेल्या पेप्टाइडच्या भुकट्याही ऑनलाइन विकल्या जातात. सोबत ‘९९ टक्के शुद्ध’ असा कागद असतो. द्रव क्रोमॅटोग्राफीचा हा आकडा मिश्रणात मुख्य घटक किती, एवढेच सांगतो. तो घटक तोच आहे का, हे वस्तुमान वर्णपटमापनाने ठरते. निर्जंतुकता, जिवाणूजन्य विषे आणि कुपीतील प्रत्यक्ष मात्रा यांच्या चाचण्या आणखी निराळ्या. कागदावरील बॅच क्रमांक कुपीवरील क्रमांकाशी जुळत नसेल, तर तो कागद त्या कुपीचा नव्हेच.

ऑक्सिटोसिनला निदान औषधकोशाची मानके आणि औषध निरीक्षक आहेत. त्या निरीक्षकाने नमुना घ्यायचा तो गोदामातून नव्हे, तर प्रसूतिकक्षाच्या शीतकपाटातून. आणि त्याच वेळी तेथील तापमानाची नोंदवहीही उघडून पाहावी.