पिवळ्या पानाचा अन्वय

मराठी शिकवणाऱ्या माणसाला कुंडीतल्या टोमॅटोविषयी कोणी विचारू नये; पण आमच्या इमारतीत विचारतात खरे! पान पिवळे पडले की घरोघरचे निदान ठरलेले : "पाणी कमी पडले." मग तांब्यामागून तांब्या ओतला जातो आणि तहानेने न मेलेले रोप बुडून मरते.

वाचकहो, शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, तसाच पानाचाही. आधी 2 इंच खोल मातीत बोट खुपसा. चिखल लागला तर मुळे गुदमरली आहेत. पाणी थांबवा, कुंडीचे भोक मोकळे करा. माती ठीक असून खालची जुनी पाने आधी पिवळी पडली, तर ती नत्राची भूक. मूठभर मुरलेले शेणखत घाला. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह मिळत नाही. पाण्याचा अतिरेक हेही त्याचे एक कारण. फळाचे बूड काळे पडले तर ती कीड नव्हे. एक दिवस दुष्काळ, एक दिवस पूर, अशाने कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही. पाणी नेमाने द्या.

नवी पाने बारीक होऊन वळली, रोप खुजे राहिले, तर मात्र पांढऱ्या माशीने विषाणू आणला असे समजा. त्यावर औषध नाही. जीव तुटला तरी रोप उपटा. शेजारच्या कुंड्यांचा धोका तरी टळेल.

मराठीत 'वाचणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. आधी पान वाचा. मग रोपही वाचेल.