मोटार मोबाइलवर घेताय? ॲपच्या आधी 'डिले' विचारा

माळशिरस तालुक्यातील वेळापूर परिसर उसाचा आणि विहिरींचा. जिथे सौर फीडर पोहोचलेला नाही, तिथे शेतीची वीज वेळापत्रकानुसार कधी दिवसा, कधी रात्री येते. अंधारात, सापाच्या भीतीत विहिरीवर जाण्यापेक्षा मोटार मोबाइलवर घेणे केव्हाही चांगले. मात्र यंत्रणा निवडताना चर्चा ॲप आणि किमतीवरच थांबते.

आजवरचा स्वस्त उपाय म्हणजे ऑटोस्विच. वीज आली की मोटार आपोआप सुरू. पण एका डीपीवरच्या सगळ्याच मोटारी त्याच क्षणी सुरू होतात आणि सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. रोहित्र जळाले की ते बदलून मिळेपर्यंत सगळ्यांचाच ऊस वाळतो. म्हणून तर महावितरण 'ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा' असे सांगत असते. मोबाइल स्टार्टरमध्येही 'ऑटो मोड' असतो. त्यातला 'डिले' शून्यावर ठेवला, तर हजारो रुपये मोजून जुना ऑटोस्विचच विकत घेतला म्हणायचा! प्रत्येकाचा डिले काही मिनिटांनी वेगळा हवा. हे एकट्याने होत नाही. डीपीवरच्या सर्वांनी एकदा बसून ठरवावे लागते.

दुसरा मुद्दा ताब्याचा. परदेशात पोहण्याच्या तलावाचे पंपही फोनवरून चालतात. त्यासाठी अनेक जण 'होम असिस्टंट' हे २०१३ पासूनचे मोफत सॉफ्टवेअर वापरतात, कारण ते घरातल्याच छोट्या संगणकावर चालते. कंपनीच्या सर्व्हरवर विसंबण्याचा धोका एप्रिल २०२२ मध्ये दिसला. अमेरिकेतील 'इन्स्टिऑन'चे सर्व्हर अचानक बंद पडले आणि ग्राहकांची ॲप काही आठवडे निकामी झाली. विहिरीवर संगणक ठेवणे अवघड, पण प्रश्न तोच: नेट गेले तर साध्या कॉलवर किंवा एसएमएसवर मोटार बंद होते का? यंत्र फक्त २जीवर चालणारे असेल तर त्यात जिओचे सिम चालणार नाही, हेही आधीच विचारलेले बरे.

घरगुती वाय-फाय स्विच मोटारीला थेट जोडणे तर नकोच. थ्री फेज मोटारीला कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले लागतोच. एक फेज गेला किंवा विहिरीतले पाणी संपले, तर मोटार पॅनेलनेच बंद केली पाहिजे. ॲपवर सूचना येऊन कुणी ती वाचेपर्यंत वाइंडिंग जळालेले असते.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात सहसा नसते. विहिरीत माणूस उतरलेला असताना पुण्यात बसलेला मुलगा ॲपवरून मोटार सुरू करू शकतो. त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी ॲपवर 'ऑफ' दिसते म्हणून थांबू नये. मेन स्विच पाडावा आणि फ्यूज काढून खिशात ठेवावेत.