वरातीमागून घोडे

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर अमलात आली, हे वाचकांस विदित आहेच. या संहितेच्या ८३ व्या कलमाने कामगारांच्या पुनर्कौशल्यासाठी एक निधी निर्माण केला आहे. धनी ज्या कामगारास कामावरून कमी करील, त्याच्या शेवटच्या पगाराच्या मानाने १५ दिवसांचे वेतन धन्याने या निधीत भरावे, आणि कमी केल्यापासून ४५ दिवसांच्या आत ती रक्कम त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हावी, असा या कलमाचा आशय आहे. नुकसानभरपाई मिळते ती निराळी. नव्या कामाचे शिक्षण ही एकट्या कामगाराची फिकीर नव्हे, हे कायद्याने मान्य केले, याबद्दल आम्हांस संतोष वाटतो. परंतु तत्त्व जितके योग्य, तितकीच त्याच्या अंमलाची वेळ अयोग्य आहे. शिकावयाचे केव्हा? तर मनुष्य घरी बसल्यावर! आणि कितक्या पैशांत? तर १५ दिवसांच्या मजुरीत! यालाच आमच्याकडे वरातीमागून घोडे म्हणतात.

या प्रश्नाचे मर्म रत्नागिरीकरांइतके दुसऱ्या कोणास कळावे? कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी मुंबईस १८५६ साली सुरू झाली; लोकमान्यांचा जन्म रत्नागिरीस झाला तेही हेच वर्ष. तेव्हापासून पिढ्यानुपिढ्या आमच्या जिल्ह्यातील माणसे नांगर ठेवून मागावर उभी राहिली. १९०८ साली लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवून राष्ट्राचा शब्द राखिला. पुढे १९२८ साली एका विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, अशा सुधारणा मालकांनी आरंभिल्या. त्या सुधारणेत आपला वाटा कोणता, एवढेच कामगार विचारीत होता. उत्तर न मिळाल्यामुळे सुमारे दीड लाख लोकांचा संप सुमारे सहा महिने चालला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाची कारणे पगार व बोनस ही होती, हे खरे. परंतु त्या काळात काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि वीस-वीस वर्षे एकाच खात्यात घालविलेला मनुष्य गावी परत आला. त्याच्या हातात कसब होते, पण त्या कसबाला गिऱ्हाईक नव्हते. दुसरे काही शिकविण्याची जबाबदारी ना मालकाने घेतली, ना सरकारने, ना समाजाने. ज्यांनी राष्ट्रासाठी सहा दिवसांची मजुरी सोडली, त्यांच्या पोरांसाठी राष्ट्राने काय केले, हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

ही जुनी कथा उगाळण्याचे कारण असे की, तोच प्रसंग आता आपल्याच ओसरीवर येऊन ठेपला आहे. मिरकरवाड्याच्या बंदरात जाऊन पाहावे. पाण्याचा रंग, पक्ष्यांचा थवा व वाऱ्याची दिशा पाहून मासळी कोठे आहे हे सांगणारा तांडेल आता यंत्राच्या पडद्याकडे पाहतो. मासळीच्या संभाव्य जागांचा अंदाज त्यास हैदराबादच्या सरकारी संस्थेकडून उपग्रहाच्या आधारे मिळतो. बाजारपेठेत १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि खतावणीवर हयात घालविलेले दिवाणजी संगणकापुढे एका दिवसात नवशिके ठरले. न्यायालयाच्या आवारातील टंकलेखकाचे यंत्र मुके झालेच आहे. आता तर कृत्रिम बुद्धीचे यंत्र अर्जाचा मसुदाही क्षणात लिहून देते, तेव्हा आम्हां वकिलांच्या कारकुनांनी, आणि खुद्द वकिलांनीही, निश्चिंत राहण्याचे कारण नाही.

यंत्रे येऊच देऊ नयेत असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली; ती नसती तर बरे झाले असते असे कोणता रत्नागिरीकर म्हणेल? दुसरा पक्ष म्हणतो की, जुन्या माणसांना नवे शिकावयासच नको असते. हा आरोप आम्हांस मुळीच मान्य नाही. ज्या शेतकऱ्याने शाळेवाचून माग आत्मसात केला आणि ज्या तांडेलाने भरसमुद्रात नवे यंत्र हाताळले, त्यास शिकण्याचा कंटाळा आहे हे म्हणणे धाडसाचे आहे. खरी अडचण आळसाची नसून वेळेची, पैशाची आणि भाषेची आहे. दिवसभर राबून, रोज बुडवून, स्वतःच्या खर्चाने, न कळणाऱ्या इंग्रजीत त्याने शिकावे, अशी आपली अपेक्षा असते!

तेव्हा कर्तव्य काय? यंत्राचा नफा ज्यास मिळतो, त्याने शिक्षणाचा भार उचलावा, हा आमच्या मते न्याय आहे. नव्या साधनाने माणसे कमी होण्याचा संभव असल्यास कामगारांस २१ दिवसांची नोटीस द्यावी, असे संहिता सांगतेच. त्या नोटिशीतच शिक्षणाची योजना असावी, असा नियम सरकारने करावा. शिकण्याचे तास कामाच्या वेळेतच आणि पगारी असावेत. शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्याने ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले आहे; परंतु त्याचा रोख तरुणांकडे आहे. पन्नाशीच्या दिवाणजीने कोठे जावे?

हजेरीपटावर ज्यांचे नावच नाही, त्या खलाशी, हमाल व गुमास्त्यांपर्यंत तर कोणतीही संहिता सहज पोहोचत नाही. तेथे व्यापाऱ्यांनी व नौकामालकांनी कायद्याची वाट पाहू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या आणि शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाच्या खोल्या सायंकाळी मागून घ्याव्यात, वर्गणी जमवावी, आणि मराठीतून वर्ग चालवावेत. यात धर्मादाय नाही; हा व्यवहार आहे. उधारी कोणास द्यावी आणि कोणास देऊ नये, हे दिवाणजीस ठाऊक आहे, संगणकास नाही. त्याच्या जुन्या जाणतेपणास नव्या साधनाची जोड मिळाली, तर पेढीचाच लाभ आहे.

गिरण्या बंद पडल्या तेव्हा आपणांस कल्पना नव्हती, असे म्हणण्याची सोय होती. या खेपेस ती सोय उरलेली नाही. घोडे वरातीपुढे असावे की मागे, हे ठरविणे आज आपल्याच हाती आहे.